परदेशच्या प्रवासांतील चीजवस्त

परदेशीं निघालेल्या कुटुंबांत पहिली खरेदी होते ती बहुधा कुलुपांची. पेट्यांना कुलुपें, पिशव्यांना कुलुपें, आणि किल्ल्या कोणीं सांभाळावयाच्या याचा वाद थेट विमानतळापर्यंत. कुलूप अवश्य असावें. परंतु दूरदेशीं पैसा पोंचविणें हाच ज्यांचा धंदा होता, त्या पेढीवाल्यांनीं आपला भरंवसा कुलुपावर ठेविला नव्हता. वस्तु चोराच्या हातीं पडणारच नाहीं अशी हमी कोणी देऊं शकत नाहीं. ती पडली तरी त्याच्या उपयोगाची असूं नये, एवढी व्यवस्था मात्र करतां येते, असें त्यांचें धोरण होतें.

आपल्याकडील हुंडी पाहा. शहाजोग हुंडीचे पैसे पेढीवाला वाटेल त्याला देत नसे. बाजारांत पत असलेल्या प्रतिष्ठित असामीलाच देई. वाटेंत ती लुटली गेली, तर लुटारूच्या हातीं कागदाचा कपटा राही. (आज आपण ‘शहाजोग’ हा शब्द टोमणा मारण्यासाठीं वापरतों, पेढीवर तो मानाचा होता.) विलायतेंत रॉबर्ट हेरीज या सावकारानें १७७२ सालीं युरोपांतील अनेक शहरांत वटतील असे कागद प्रवाशांसाठीं काढले, आणि १८९१ सालीं अमेरिकन एक्स्प्रेस कंपनीनें प्रवासी चेक काढला. त्याची युक्ति शाळकरी मुलासहि समजावी इतकी सोपी होती. चेक विकत घेतांना त्यावर एक सही करावयाची. तो वटवितांना समोरच्या माणसाच्या देखत दुसरी. सह्या जुळल्या तर पैसे. चेक हरवल्यास त्याचा क्रमांक कळवावा म्हणजे कंपनी भरपाई करी. मात्र क्रमांकांची यादी चेकांपासून वेगळी ठेविलेली असली पाहिजे.

हे चेक आतां जवळजवळ लोपले असून त्यांच्या जागीं बँकेचें कार्ड आलें आहे. कार्डहि त्याच जातीचें. चोरीस गेलें तर बँकेस कळवून बंद करतां येतें. पण वेगळ्या यादीची शिस्त मात्र चेकांबरोबरच गेली. बँकेचा दूरध्वनि क्रमांक कार्डाच्या पाठीवर छापलेला असतो किंवा फोनमध्यें नोंदलेला असतो, आणि फोन व कार्ड एकाच पिशवींत असतात! पिशवी गेली कीं कळविण्याचें साधनहि गेलें. म्हणून तो क्रमांक साध्या कागदावर लिहून तिसऱ्याच ठिकाणीं ठेवावा. मी जन्मभर हजेरीपट सांभाळले, म्हणून याद्यांचें महत्त्व मला अंमळ अधिक वाटत असेल. पण या यादीला खर्च कांहींच नाहीं. रिझर्व्ह बँकेच्या २०२० सालच्या नियमानें कार्डाचा परदेशांतील वापर चालू-बंद करण्याची व त्यावर मर्यादा घालण्याची सोय ग्राहकास मिळाली आहे, तिचाहि उपयोग करावा.

सोन्याची गोष्ट निराळी. सोन्यावर सही लागत नाहीं आणि तें फोन करून बंद करतां येत नाहीं. मंगळसूत्र घरीं ठेवा, असें सांगण्याचें धाडस मी करणार नाहीं. पण पाटल्या, तोडे आणि मोहनमाळ यांना लंडन दाखविण्याचें कारण नाहीं. आशियाई कुटुंबांच्या घरांतील सोन्यावर चोरांचा डोळा असतो, असा इशारा तेथील पोलिसांनीं दिवाळीच्या व लग्नसराईच्या दिवसांत वेळोवेळीं दिलेला आहे. मुलाच्या घरच्या कार्यासाठीं दागिने न्यावेच लागले, तर एक काम निघतांनाच करावें. विमानतळावर जकात अधिकाऱ्यांना दागिने प्रत्यक्ष दाखवून, ते आपण येथून नेत आहों, असा निर्यातीचा दाखला घ्यावा. सराफाची पावती, वजन आणि छायाचित्रें जवळ असलीं तर काम सुकर होतें. अर्थात् त्यासाठीं दागिने हातांतल्या पिशवींत असले पाहिजेत आणि घरून तासभर आधीं निघालें पाहिजे. परत येतांना हा दाखला नसेल, तर आजीच्या वेळचा हार दुबईच्या बाजारांतला नाहीं, हें सिद्ध करण्याची पाळी आपणांवर येते.

विमानाच्या पोटांत जाणाऱ्या पेटींत तर दागिने कधींच ठेवूं नयेत. १९९९ च्या माँट्रियल करारान्वये सामानाबद्दल विमान कंपनीवर येणाऱ्या जबाबदारीला मर्यादा आहे; २८ डिसेंबर २०२४ पासून ती दर प्रवाशामागें सुमारें दोन हजार डॉलर इतकी झाली. शिवाय रोकड व दागिने अशा पेटींत ठेवूं नयेत, असें बहुतेक कंपन्यांच्या अटींतच लिहिलेलें असतें.

हॉटेलच्या खोलींतील तिजोरीवरहि फार विसंबूं नये. आपले गुप्त अंक विसरणारे पाहुणे नेहमींच असतात, म्हणून ती उघडण्याची सोय हॉटेलवाल्यांकडे असतेच. ब्रिटनच्या १९५६ सालच्या कायद्यानें हॉटेलमालकाची जबाबदारी एका वस्तूस ५० पौंड आणि एकंदर १०० पौंड एवढीच ठेविली आहे. मात्र वस्तु सुरक्षित ठेवण्यासाठीं म्हणून त्याच्या स्वाधीन केली असेल, तर ही मर्यादा लागू होत नाहीं. तेव्हां ती कचेरींत देऊन पावती घ्यावी.

खिसेकापूंविषयीं थोडेंच सांगतों. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयांत त्यांचा उपद्रव इतका वाढला कीं, १० एप्रिल २०१३ रोजीं तेथील नोकरांनीं काम थांबविलें आणि संग्रहालय त्या दिवशीं बंद राहिलें. कोणी आपल्या कोटावर कांहीं सांडून तो आपुलकीनें पुसूं लागला, तर आधीं आपलें पाकीट सांभाळावें. आपल्या आजोबांचा कमरेचा कसा आतां परदेशी दुकानांत नव्या नांवानें मिळतो. तो सदऱ्याच्या आंत बांधावा आणि रस्त्यांत उघडूं नये.

त्या कशांत पहिला मान पासपोर्टाचा. तो गेला तर प्रथम पोलिसांत वर्दी देऊन तिचा दाखला घ्यावा आणि मग भारतीय वकिलात गांठावी. नव्या पासपोर्टास वेळ लागतो. तातडीचा म्हणून जो दाखला वकिलात देते, तो भारतांत परतण्याच्या एका खेपेपुरताच असतो. लंडनला मुलाकडे जातांना वाटेंत पॅरिसला पासपोर्ट हरवला, तर त्या दाखल्यावर मुंबई गांठतां येते, लंडन नाहीं. म्हणून पासपोर्टाची एक प्रत सोबत्याच्या पिशवींत आणि एक घरीं ठेवून निघावें, म्हणजे वकिलातींत आपली ओळख पटविणें सोपें जातें.