गारगोटीतून सिलिकॉन

गारगोटीतली सिलिका म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजनची अतिशय घट्ट गाठ. लोहखनिजातून लोखंड मोकळे करणाऱ्या झोतभट्टीतही बहुतेक सिलिका न फुटता मळीत निघून जाते. १८२४ मध्ये स्वीडनच्या बर्झेलियसने पोटॅशियम वापरून सिलिकॉन वेगळे केले. पण टनावारी उत्पादनाला पोटॅशियम परवडणारे नाही. तिथे लागतो कोळसा आणि प्रचंड वीज. म्हणूनच मुबलक जलविद्युत असलेल्या नॉर्वेत हा उद्योग रुजला.

कार्बनचे अस्तर लावलेल्या गोल भट्टीत वरून कार्बनचे तीन जाडजूड इलेक्ट्रोड उतरतात. त्यांची टोके गारगोटी-कोळशाच्या मालात गाडलेली असतात आणि विजेचा चाप आत, नजरेआड पेटतो. तळाशी तापमान २००० अंश सेल्सियसच्या आसपास जाते. कागदावर हिशोब सोपा आहे: सिलिका आणि कार्बन यांपासून सिलिकॉन आणि कार्बन मोनॉक्साइड. प्रत्यक्षात तळाच्या तापात सिलिकॉन मोनॉक्साइड हा वायूही बनतो आणि वर निसटू पाहतो. त्याला वाटेत अडवणे, हेच या भट्टीचे खरे कसब. वरच्या थरातला सच्छिद्र कोळसा हा वायू शोषून सिलिकॉन कार्बाइड होतो; ते कार्बाइड खाली सरकते आणि तळाशी सिलिकेशी भिडून सिलिकॉन मोकळे करते. म्हणून कोळसा निव्वळ शुद्ध असून भागत नाही, तो वायूला भिडणारा हवा. लोणारी कोळसा इथे उत्तम. सोबत लाकडाचे छिलके घालतात, ते माल भुसभुशीत ठेवून वायूला वाट देतात. वाळू मात्र चालत नाही. तिने वाटा बुजतात. गारगोटीचे मुठीएवढे खडे लागतात, आणि तेही तापल्यावर लगेच भुगा न होणारे.

माल वरून चिकटून कवच धरतो, त्याखाली पोकळी होते. ते कवच ठराविक वेळाने फोडून माल खाली ढकलावा लागतो. तळाच्या छिद्रातून पांढराशुभ्र तप्त रस पातेल्यात उतरतो. त्यात ऑक्सिजन फुंकून ॲल्युमिनियम व कॅल्शियम मळीत काढतात. गोठताना हा रस पाण्यासारखा फुगतो. थंड झालेले करडे, चकाकते, ठिसूळ ढेकूळ सुमारे ९९ टक्के शुद्ध असते. एका टनामागे वीज जळते ११ ते १३ हजार युनिट.

निसटलेला वायू हवेत जळून सिलिकेची अतिसूक्ष्म धूळ होते. ती पूर्वी धुराड्यातून उडून जाई. आता गाळण्यांत धरून काँक्रीटमध्ये मिसळतात. त्याने काँक्रीट घट्ट होते आणि पाणी कमी मुरते.

बरेचसे सिलिकॉन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंत आणि सिलिकोन रबर, तेले यांत जाते. सौरपट्ट्या व चिपसाठी ९९ टक्केही अपुरे. तिथे त्याचे ट्रायक्लोरोसिलेन करून, ते ऊर्ध्वपातनाने शुद्ध करून, पुन्हा सिलिकॉन जमवतात. वीज धबधब्याची असली तरी दगडी कोळशातला कार्बन अखेर कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातो. म्हणून नॉर्वेतले कारखाने दगडी कोळशाच्या जागी लाकडाच्या कोळशाचा वाटा वाढवत आहेत.