टेबलाचे निमुळते पाय

गुडघ्यांनी संप पुकारला आणि सासूबाईंना पाटावर बसणं जमेना. "तुम्ही बसा, मी आपली ओट्याशी उभ्यानेच खाते," असं त्या रोज म्हणू लागल्या, तेव्हा जेवणाचं टेबल करायचं ठरलं. दुकानात तयार मिळत होतं. पण २०१४ साली सासरचा वाईचा वाडा उतरवला, तेव्हाचे सागवानी वासे माळ्यावर पडून होते. घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात. आमचे टेम्पोतून फिरून आले होते! किडलेले, तडकलेले बाजूला काढल्यावर पायांच्या लायकीचे चारच तुकडे निघाले. पाचवा नाही.

मला पाय निमुळते हवे होते. आमची खोली लहान. जाड चौकोनी पायांनी ती भरल्यासारखी दिसते आणि कातीव पायांच्या खोबणींत धूळ बसते, ती पुसायची कोणी? निमुळता पाय दिसायला हलका आणि केरसुणीला मोकळा. चंडीगढच्या सरकारी कचेऱ्यांसाठी १९५०च्या दशकात पिएर जानरे यांच्या आराखड्यांवरून केलेल्या सागवानी खुर्च्यांचे पायही असेच निमुळते होते. पुढे त्या भंगारात निघाल्या आणि परदेशी लिलावांत लाखांनी विकल्या गेल्या!

मिस्त्रींना मी ऐटीत सांगितलं, "वरपासून खालपर्यंत, चारी बाजूंनी निमुळता करा." ते हसले. "वहिनी, मग आडवी पट्टी धरणार कशात?"

त्यांचं म्हणणं असं. फळीखालच्या आडव्या पट्टीचं कुसू पायाच्या खाचेत बसतं. तिथे पाय चौरस आणि भरीव हवा, नाहीतर टेबल डुगडुगणार. म्हणून आमच्या २९ इंची पायाचे वरचे ५ इंच तसेच ठेवले आणि तिथून खाली अडीच इंचांवरून दीड इंचावर आणलं, म्हणजे ८ सूत कमी. तेही खाचा असलेल्या आतल्या दोनच बाजूंनी. बाहेरच्या दोन बाजू सरळ. बाहेरून तासलं तर टेबल पाय आखडून उभं राहिल्यासारखं दिसतं.

कामाचा क्रमही ठरलेला. आधी जुने खिळे शोधायचे. लोहचुंबक फिरवलं तर आत मोडून राहिलेलाही सापडतो, नाहीतर करवतीचे दात गेलेच. मग लाकूड चौरस असतानाच खाचा पाडायच्या. मग पेन्सिलीने रेघ आणि रेघेच्या बाहेरून करवत. शेवटी रंधा, तोही जाड भागाकडून बारीक टोकाकडे. उलटा मारला की रेषा उचकटतात.

इतकं कळूनही घोटाळा झालाच. चौथ्या पायाच्या वेळी मी चहा टाकायला आत गेले, मिस्त्री बोलण्याच्या नादात होते आणि करवत चालली ती बाहेरच्या बाजूवर. लांबलचक पाचर जमिनीवर पडली. कोणीच बोलेना. सासूबाई मात्र ती उचलून हातात घेऊन बसल्या. माजघरावरचा वासा होता तो, त्यांनी ओळखला होता.

ती पाचर टाकली नाही म्हणूनच पाय वाचला. मिस्त्रींनी सरस लावून ती जागच्या जागी बसवली, सुतळीने आवळली आणि रात्रभर तशीच ठेवली. सकाळी रंधा मारल्यावर केसासारखी रेघ उरली. करवतीने खाल्लेलं सूतभर लाकूड तेवढं कमी भरतं, पण सांगितल्याशिवाय कळत नाही. तो पाय भिंतीकडे लावू म्हटलं, तर सासूबाई म्हणाल्या, "माझ्या बाजूला लावा."

तेव्हा मैत्रिणींनो, सुतार घरी बसवलात तर करवत लावण्याआधी चारही पाय जागेवर असतात तसे उभे करून घ्या आणि कापायच्या बाजूंवर खडूने फुल्या मारा. चार पायांच्या आठ फुल्या मोजा, मगच चहाला जा. आणि एक, पॉलिश करताना पायांचे तळ विसरू नका. आपण रोज फरशी पुसतो. लाकडाचं उघडं टोक ते पाणी शोषतं आणि निमुळता पाय तिथूनच काळा पडतो. टेबल उलटं करून तळांना दोन हात जास्तच द्यायला सांगा. वर रबरी बूच बसवलं तर फरशीवर ओरखडेही उठत नाहीत.