धुळ्याचा आवाज जळगावला का पोहोचेना?

धुळ्याजवळच्या लळिंग येथील लांडोर बंगल्यावर दरवर्षी ३१ जुलैला खान्देशातल्या भीमसैनिकांची रीघ लागते. १९३७ साली कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आलेल्या बाबासाहेबांनी त्या बंगल्यात मुक्काम केला होता. तिथे येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची गाणी आणि आठवणी आम्ही काही कार्यकर्त्यांनी मोबाइलवर टिपून ठेवल्या आहेत. त्यातल्या दोन आजी आता हयात नाहीत. त्यांचा आवाज उरला होता तो धुळ्याच्या नानांच्या घरी, एका जुन्या संगणकात. गेल्या उन्हाळ्यात त्या संगणकाची हार्ड डिस्क करकरू लागली!

दुसरी प्रत जळगावला आमच्या घरी आणायचे ठरले. सगळा ऐवज ३८ जीबी. पेन ड्राइव्ह घेऊन एसटीने आणा, असे कोणीही म्हणेल. एक प्रत आधी तशी काढून ठेवायला हवीच होती, आम्हाला ते उशिरा सुचले, ही आमची चूक. पण नावे-गावे लिहिण्याचे काम दोन्ही घरी रोज चालते. म्हणून भाच्याने ‘सिंकथिंग’ हे मोफत सॉफ्टवेअर दोन्हीकडे बसवले. यात मधे कोणाचे कोठार नसते, एका घरचा संगणक थेट दुसऱ्या घरच्या संगणकाशी बोलतो. याला पीअर-टू-पीअर म्हणतात. आपण त्याला घरोघर म्हणू.

बसवले खरे, पण माल हलेना. पडद्यावर ‘रिले’ असा शब्द आणि वेग सेकंदाला जेमतेम १ मेगाबिट. या वेगाने ३८ जीबीला साडेतीन दिवस लागतात आणि तोवर डिस्क टिकेल याची खात्री नव्हती. नाना रोज फोनवर विचारत, “काय व्हयनं भाऊ?” आम्ही दोन्हीकडच्या इंटरनेटवाल्यांना भरपूर बोललो. दोष मात्र निराळाच होता.

इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते जगभरात सुमारे ४२९ कोटीच आहेत, आणि त्यांचा मध्यवर्ती साठा २०११ सालीच वाटून संपला. म्हणून पुष्कळ कंपन्या अनेक घरांना मिळून एकच पत्ता देतात. साऱ्या चाळीला एकच घर नंबर असावा, तसे! आतून बाहेर पत्र जाते. बाहेरून अनोळखी पत्र आले तर ते कोणत्या खोलीत टाकायचे हे पोस्टमनला कळत नाही. दोन्ही घरे अशी असली की भेट बहुधा होत नाही आणि सॉफ्टवेअर तिसऱ्या संगणकामार्फत, म्हणजे रिलेने, निरोप पाठवते. म्हणून तो वेग.

हे ओळखायचे कसे? राउटरच्या पानावर ‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट’ या नावाखाली एक पत्ता असतो. त्याचा पहिला आकडा १०० आणि दुसरा ६४ ते १२७ च्या दरम्यान असेल, तर आपण चाळीत आहोत. जळगावचे आमचे घर तसेच निघाले. त्यावर आपल्या हाती काही नाही. कंपनीकडे स्वतंत्र पत्ता मागावा, त्याचे बहुधा जास्त पैसे पडतात.

धुळ्याला मात्र पत्ता १९२.१६८ ने सुरू होणारा. म्हणजे राउटरच्या पुढे आणखी एक राउटर! कंपनीच्या फायबरच्या डब्यालाच राउटर होता आणि नानांच्या मुलाने बाजारातून दुसरा आणून त्याला जोडला होता. एका दारामागे दुसरे दार. भाच्याने दुसऱ्याला ‘ॲक्सेस पॉइंट’ केले, म्हणजे तो फक्त वायफाय पसरवू लागला. मग डब्यात २२००० क्रमांकाचा पोर्ट नानांच्या संगणकाकडे वळवला. विंडोजच्या फायरवॉलमध्ये फक्त सिंकथिंगला परवानगी दिली. पुष्कळ लोक वैतागून सारी फायरवॉलच बंद करतात, तसे करू नये. चोरालाही तेच दार सापडते.

येथे आम्हाला जे कळले ते आधी कोणी सांगितले असते, तर आठ दिवस वाचले असते: दोन्ही घरे उघडी असायला लागत नाहीत. एक घर बाहेरून गाठता आले की पुरते, कारण दुसरे स्वतःहून तिथे जाऊन दार वाजवते. जळगावचे बंदच राहिले, तरी धुळ्याचे उघडताच ‘रिले’ हा शब्द गेला आणि वेग १० मेगाबिटवर आला.

आम्ही पेढे वाटायच्या बेतात, तोच धुळ्याला लाइट गेली. आल्यावर पुन्हा रिले! राउटर नव्याने सुरू होताना त्याने नानांच्या संगणकाला घरातला दुसराच क्रमांक दिला होता, पोर्ट मात्र जुन्याच क्रमांकाकडे वळलेला. तो क्रमांक राउटरमध्ये कायमचा राखून ठेवल्यावर ते दुखणे गेले.

एक धोका मात्र सांगितलाच पाहिजे. एका घरी फाइल पुसली, तर दुसऱ्या घरीही पुसली जाते. म्हणून जळगावच्या संगणकात ‘फाइल व्हर्जनिंग’ चालू केले आहे, म्हणजे पुसलेली फाइल बाजूला राहते. ज्यांचा आवाज आहे त्यांना किंवा त्यांच्या मुलांना विचारल्याशिवाय काही पुढे पाठवायचे नाही, हेही दोन्ही घरांत ठरले.

रात्री दहाला लावलेले काम सकाळी साडेसहाला संपले. त्या दोघींतल्या एकीची नात जळगावातच राहते. तिला बोलावून पहिले गाणे ऐकवले. ती म्हणाली, “मामा, मधे खोकला येतो ना, तो काढू नका.”