परसातील ढोबळी मिरची : हरितगृहाची पहिली पायरी

मिरचीचे मूळ घर अमेरिका खंड होय. पोर्तुगीजांनी १६ व्या शतकात ती गोव्याच्या मार्गाने आपल्या देशात आणली आणि पुढे ती मराठी स्वयंपाकघरात पूर्णपणे रुळली. ढोबळी मिरची ही याच कुळातील. परंतु तिच्या फळात तिखटपणा आणणारे द्रव्य तयार होत नाही. क जीवनसत्त्व मात्र तिच्यात विपुल असते व हिरव्या फळापेक्षा झाडावर पिकलेल्या लाल फळात ते अधिक असते.

शहरांतील बाजारात लाल व पिवळ्या ढोबळी मिरचीस मागणी असल्यामुळे अनेक शेतकरी हरितगृह उभारण्याचा विचार करतात. हरितगृहास भांडवल मोठे लागते. अनुदान मिळाले तरी उरलेली रक्कम बहुधा कर्जानेच उभी राहते. १० गुंठ्यांच्या हरितगृहात सुमारे २,५०० रोपे बसतात. परसात दहा झाडांवर होणारी चूक तेथे अडीचशे पट महाग पडते. यास्तव ज्याने हे पीक कधी हाताळलेले नाही, त्याने एक हंगाम परसात दहा झाडे वाढवून त्याचा स्वभाव ओळखावा, हे हितावह होय.

हंगाम व रोपे : या पिकास दिवसा १८ ते २५ अंश सेल्सिअस तपमान मानवते. पारा ३५ अंशांच्या वर गेल्यास फुले गळतात व फळ धरत नाही. म्हणून पठारी भागात ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बी टाकून हिवाळ्यात फळे येतील असा बेत करावा. ‘कॅलिफोर्निया वंडर’ ही जुनी परिचित जात परसबागेस योग्य आहे. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या ‘अर्का मोहिनी’ व ‘अर्का गौरव’ या जातीही लावता येतील. गादीवाफ्यावर अथवा खोक्यात बी पातळ पेरावे. पाणी साचल्यास कोवळी रोपे बुडाशी कुजून कोलमडतात. पाच ते सहा आठवड्यांनी रोपे लावणीस तयार होतात.

लागवड : जमीन भुसभुशीत व उत्तम निचऱ्याची असावी. आदल्या हंगामात जेथे वांगी, टोमॅटो, बटाटा किंवा मिरची होती ती जागा टाळावी. कारण या सर्वांचे अनेक रोग समान आहेत. चांगले कुजलेले शेणखत मातीत मिसळून ६० × ४५ सेंटिमीटर अंतरावर सायंकाळी रोपे लावावीत व प्रत्येकास काठीचा आधार द्यावा. पहिल्या फांदीच्या बेचक्यात येणारे पहिले फूल खुडून टाकावे, म्हणजे झाडाची शक्ती प्रथम वाढीस लागते.

पाणी : पाणी थोडे परंतु नियमित द्यावे. एकदा वाफा सुकू देऊन नंतर भरपूर पाणी दिल्यास चुना, म्हणजेच कॅल्शियम, फळाच्या टोकापर्यंत पोचत नाही व तेथे काळपट खोलगट डाग पडतो. पुष्कळजण यास रोग समजून औषध फवारतात. त्याचा उपयोग होत नाही. बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन घालून ओल टिकवावी. फळावर पांढरट करपलेला चट्टा दिसल्यास तो उन्हाचा चटका समजावा व दुपारी सावलीची सोय करावी.

पाने वळणे : पानांच्या कडा वर वळल्यास फुलकिडे व खाली वळल्यास कोळी असण्याचा संभव अधिक असतो. पान उलटून भिंगाने पाहावे आणि मगच उपाय योजावा. प्रारंभीच ५ टक्के निंबोळी अर्क फवारणे इष्ट. विषाणूने खुरटलेल्या झाडावर औषध नाही. ते उपटून नष्ट करावे.

एक गैरसमज : शेजारी तिखट मिरची असल्यास ढोबळी मिरची तिखट होते, असे बोलले जाते. परागसंयोग झाला तरी त्या वर्षीचे फळ तिखट होत नाही. त्या फळाच्या बियांपासून आलेली झाडे मात्र तिखट निघू शकतात. घरचे बी धरणाराने दोन्ही पिके दूर ठेवावीत. संकरित जातीचे बी पुन्हा वापरू नये.

काढणी व नोंद : फळ पूर्ण पोसून चकचकीत झाले की देठासह कात्रीने कापावे. तेच फळ लाल होण्यास आणखी दोन-तीन आठवडे लागतात व तोवर झाडावर नवी फळे कमी धरतात. रंगीत मिरचीस भाव अधिक का, याचे एक कारण यात आहे. लावणी, पहिले फूल, फवारणी, काढणी व वजन यांच्या तारखा वहीत लिहून ठेवाव्यात.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हरितगृहाविषयी विचारणा करणाऱ्या शेतकऱ्याकडे प्रथम ही वही मागावी. फुले केव्हा गळाली, पाने कशामुळे वळली, किती फळे विक्रीयोग्य निघाली, याची उत्तरे तीत असतील तर त्यास पुढील पायरी दाखवावी. नसतील तर आणखी एक हंगाम परसातच काढण्याचा सल्ला द्यावा. दहा झाडे वाया गेल्यास थोडे बी व थोडे श्रम जातात. परंतु हरितगृहातील पीक बुडाल्यास कर्जाचे हप्ते थांबत नाहीत.