बोटभर बंपर, आरशाचा सोस

१९५८ सालच्या ब्यूक गाडीच्या पुढच्या जाळीत क्रोमचे १६० चौकोन बसवलेले होते. जनरल मोटर्सचे डिझाइनप्रमुख हार्ली अर्ल त्याच वर्षी निवृत्त झाले, पण जाण्यापूर्वी त्यांनी अमेरिकन गाड्यांवर इतकं क्रोम चढवून ठेवलं की भर उन्हात समोरून येणाऱ्याचे डोळे दिपावेत. नेमक्या त्याच वर्षी मिशिगनमधल्या एएमटी कंपनीने १/२५ मापाची ‘थ्री इन वन’ प्लास्टिक किट्स बाजारात आणली. एकाच डब्यातून गाडी कारखान्यातून निघाल्यासारखी बांधा, हौसेने सजवा, नाही तर शर्यतीसाठी तयार करा. खरी गाडी क्रोमने मढलेली असताना तिचं मॉडेल करड्या प्लास्टिकचं विकणं शक्यच नव्हतं. बंपर, जाळी, हबकॅप अशा भागांची चकचकीत फ्रेम डब्यात आली आणि तेव्हापासून मॉडेल करणाऱ्यांच्या डोक्याला ताप झाला.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. किटमधलं क्रोम खोटं दिसतं, ते कमी चमकतं म्हणून नव्हे. जास्त चमकतं म्हणून.

मुळात ते क्रोम नसतंच. प्लास्टिकच्या भागांवर आधी लॅकरचा गुळगुळीत थर देतात, मग निर्वात पेटीत ॲल्युमिनियमची वाफ करून ती त्यांच्यावर बसवतात आणि वरून पारदर्शक लॅकर मारतात. वेफर्सच्या पाकिटाची आतली चंदेरी बाजू आणि मोठ्या दुर्बिणींचे आरसे याच तंत्राने होतात. ॲल्युमिनियम त्याच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी जवळजवळ नव्वद टक्के परत पाठवतं. खरं क्रोमियम साठ-पासष्ट टक्क्यांच्या आसपास थांबतं आणि त्यात हलकी निळसर झाक असते. म्हणजे खरा बंपर किटमधल्या बंपरपेक्षा काळसर असतो. रस्त्यावरच्या जुन्या गाडीचा बंपर नीट पाहा. वरच्या अर्ध्या भागात आभाळ, खालच्या अर्ध्यात काळपट रस्ता आणि मधे क्षितिजाची रेघ. आपण ज्याला क्रोमची चमक म्हणतो, ती या उजेड-अंधाराची जोडी असते.

त्यात किटमधल्या भागांवर साच्याच्या जोडाची बारीक रेघ असते आणि मुलामा तिच्यावरूनच चढलेला असतो. फ्रेममधून भाग कापला की कापल्या जागी पांढरं प्लास्टिक उघडं पडतं. मुलाम्यावर प्लास्टिकचा सिमेंट धरत नाही, म्हणून जोडाच्या जागी मुलामा खरवडावाच लागतो. लॅकरच्या थरांनी बारीक नक्षी बुजते ती वेगळीच. म्हणून मुरलेले मॉडेलर पहिलं काम करतात ते कारखान्याचा मुलामा उतरवण्याचं. घरातल्या ब्लीचमध्ये भाग बुडवून ठेवला की ॲल्युमिनियम निघून जातं, खालचं लॅकर मात्र आयसोप्रोपिल अल्कोहोलने वेगळं काढावं लागतं. इथे एक सूचना पोटतिडकीने करतो: ब्लीच आणि संडास-बाथरूमचं ॲसिड कधीही एकत्र येऊ देऊ नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो.

भाग उघडा झाला, जोडाची रेघ घासून काढली, पुढे काय?

जुना आणि माझ्या मते आजही सगळ्यात विश्वासू मार्ग फॉइलचा. ‘बेअर मेटल फॉइल’ या अमेरिकन कंपनीचं नाव तर या प्रकाराचं सामान्यनामच होऊन बसलं आहे. मागे गोंद लावलेलं हे अतिपातळ ॲल्युमिनियम मिठाईवरच्या वर्खाइतकं नाजूक नसलं तरी फुंकरीने दुमडेल इतपत असतंच. काचेभोवतीची पट्टी करायची तर जरा रुंद तुकडा कापून चिमट्याने ठेवायचा, इअरबडने मधून कडेकडे दाबत न्यायचा आणि टूथपिकच्या बोथट टोकाने खाचेत बसवायचा. मग कोरं पातं. इथे कंजुषी करणारा हमखास पस्तावतो, कारण धार किंचितही गेली की फॉइल कापली न जाता फाटते. पातं जवळजवळ आडवं धरून, काहीही जोर न लावता, उंचवट्याच्या कडेने ओढायचं. सुटलेली पट्टी सोलून काढली की खाली उरते ती सरळ, धारदार कडा. ब्रशने रंगवलेल्या पट्टीला अशी कडा कधीच येत नाही.

फॉइलची खरी करामत बोधचिन्हांवर दिसते. दरवाज्यावरची उठावाची अक्षरं १/२५ मापात केसाएवढी होतात. ती ब्रशने रंगवायची म्हणजे शिक्षाच. म्हणून गाडी रंगवण्याआधीच त्या अक्षरांवर फॉइल घट्ट बसवतात आणि पूर्ण गाडीला रंग मारतात. रंग वाळला की थिनरमध्ये जेमतेम ओलावलेल्या कापडाने अक्षरांच्या माथ्यावरून हलकेच पुसतात. माथ्यावरचा रंग जातो, खालचा धातू उघडा पडतो आणि अख्खं नाव लखलखीत उमटतं. ही युक्ती कोणाच्या डोक्यातून निघाली कोण जाणे, त्याला माझा नमस्कार.

पण फॉइल दुहेरी वळणावर चुण्या पडल्याशिवाय बसत नाही. गोलसर बंपर किंवा हबकॅप आला की एअरब्रश काढावा लागतो. ‘अल्क्लॅड’ या लॅकरचं क्रोम त्यासाठी प्रसिद्ध आहे आणि त्याची पहिली अट म्हणजे खाली काळा, चकचकीत थर. धातूचा थर इतका पातळ असतो की थोडा प्रकाश त्यातून आरपार जातो. तो काळ्यात जिरला की परत येणारा प्रकाश फक्त धातूचा उरतो, आणि मघाशी म्हटलेली काळसर खोली आपोआप मिळते. बारा-पंधरा पीएसआयचा मंद दाब, धुक्यासारखे विरळ हात आणि वेळेवर थांबणं. अजून एक हात मारू या मोहात पडलं की धातूचे कण एकमेकांवर चढतात आणि आरशाचा साधा चंदेरी रंग होतो. काळ्या थरातला प्रत्येक ओरखडा वर दिसतो, त्यामुळे निम्मी मेहनत वॉटर पेपर आणि पॉलिशची. लॅकर मारताना खिडकी उघडी आणि तोंडावर वाफ अडवणारा मास्क हवा. सुती रुमाल कामाचा नाही. आपल्याकडे पावसाळ्यात आणखी एक विघ्न. दमट हवेत वाळताना लॅकरवर पांढुरका धूसरपणा येतो. कोकणपट्टीतल्या माणसाने हे काम दिवाळीनंतर काढावं.

जर्मनीच्या ‘मोलोटो’ कंपनीच्या लिक्विड क्रोम पेनने मात्र हा सगळा खटाटोप पुष्कळ सोपा केला. एक, दोन आणि चार मिलिमीटरच्या टोकांची ही पेनं. आरशाचा गोल, वायपरचा दांडा, दरवाज्याची मूठ अशा ठिकाणी टेकवलं की शाई आपोआप पसरून सपाट होते. तीच शाई एअरब्रशमधूनही मारतात. खोड एकच: ती सावकाश पिकते. वाळली असं वाटून बोट लावलं की ठसा कायमचा उमटतो, आणि घाईने पारदर्शक थर दिला तर आरसा जाऊन राखाडी पत्रा उरतो. काही दिवस झाकून ठेवावं आणि त्यानंतरही हातमोजे घालूनच उचलावं. शिवाय असली लॅकरं आणि शाया ज्वलनशील असल्यामुळे विमानाने पाठवण्यावर निर्बंध असतात. परदेशातल्या भाच्याला बॅगेत घालून आण म्हणून सांगू नका.

बाकीचे मार्ग थोडक्यात. सिल्व्हर नायट्रेटच्या रासायनिक क्रियेने खऱ्या चांदीचा आरसा चढवता येतो, पण तो घरगुती मामला नव्हे. साधा चंदेरी रंग क्रोमसाठी बाद. इंजिन आणि गिअरबॉक्ससाठी उत्तम.

पण तंत्र कितीही साधलं तरी एक प्रश्न उरतोच: जिथे चमक देताय तिथे मुळात क्रोम होतं का? मोटारींवर क्रोम आलं १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात. सुरुवातीच्या फोर्ड मॉडेल टीचा रेडिएटर पितळी होता. मॉडेल एवर आधी पिवळसर झाक असलेलं निकेल होतं, १९३०-३१ च्या गाड्यांवर स्टेनलेस स्टील. १९४२ च्या सुरुवातीला युद्धामुळे अमेरिकेत सजावटीच्या क्रोमवर बंदी आली आणि बंपर सोडून बाकीच्या पट्ट्या रंगवून गाड्या बाहेर पडल्या. त्या वर्षीच्या मॉडेलला लखलखीत पट्ट्या लावणारा हात कितीही सफाईचा असो, गाडी चुकलेलीच. १९५७ च्या शेव्हर्ले बेल एअरवर तर बंपर क्रोमचा, पुढची जाळी सोनेरी झाकेची आणि मागच्या पंखाखालचा पट्टा ॲल्युमिनियमचा. हे सगळं एकाच पेनने रंगवलं की गाडी खेळण्यातली दिसते.

जाळीच्या खाचांत पातळ काळा इनॅमल सोडून वरचा पुसून घेतला की चमक निम्मी होते आणि खरेपणा दुप्पट. गाडी जुनी दाखवायची असेल तर आणखी पुढे जावं लागतं. समजा, कोणी मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी करायला घेतली. कुर्ल्यात बनलेली ही गाडी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस टॅक्सी म्हणून रस्त्यावरून गेली. खाऱ्या हवेत क्रोमच्या सूक्ष्म भेगांतून ओल आत शिरते, आधी टाचणीच्या टोकाएवढे ठिपके येतात, मग बोल्टभोवती आणि खालच्या कडेला तांबूस गंज. तो आरसा आधी नीट करायचा आणि मग अर्धमॅट थराने मारायचा, हे जिवावर येतं. पण दुसरा उपाय नाही.

नवशिक्याने एअरब्रशच्या खर्चात लगेच पडू नये. फॉइलचा एक कागद, एक मिलिमीटरचं एक पेन आणि नव्या पात्यांचं पाकीट, एवढ्यावर पहिली गाडी उत्तम होते. पाती मात्र मोजून वापरू नका.