चौकोनी ठिपक्यांचे जग

उन्हाळ्याची सुटी लागली, की १९९० नंतरच्या दशकात नाशिकसारख्या शहरांतील कित्येक घरांत भर दुपारी एक वेगळाच नाद ऐकू येऊ लागे. खिडक्यांचे पडदे ओढलेले, दूरदर्शन संचासमोर सतरंजीवर चारपाच मुले दाटीवाटीने बसलेली, दोघांच्या हाती तारेने जोडलेले रिमोट, आणि सर्वांचे डोळे पडद्यावर धावणाऱ्या एका मिशाळ माणसावर खिळलेले. तो माणूस खड्ड्यात पडला, की एकाची पाळी संपे व दुसऱ्याची सुरू होई. ज्यांना हे व्हिडिओ गेमचे यंत्र विकत घेणे परवडत नसे, ती मुले दुकानात जाऊन तासाच्या हिशेबाने पैसे मोजून खेळत असत.

ती मुले आज चाळिशीत आली आहेत. त्यांच्या खिशातील फोन त्या जुन्या यंत्राहून हजारो पटींनी समर्थ आहे आणि त्यावरील नव्या खेळांत झाडाचे पानही खरे वाटते. असे असूनही त्यांपैकी कित्येक जण माळ्यावरचे जुने खोके खाली काढतात, जुन्या बाजारात हिंडून तसली यंत्रे शोधतात, आणि ती ओबडधोबड, चौकोनी ठिपक्यांची चित्रे पाहून हरखून जातात. बालपणाची आठवण हे त्याचे एक कारण खरेच. पण तेवढेच कारण असते, तर त्या काळानंतर जन्मलेल्या मुलांना त्या चित्रांची गोडी लागली नसती. त्या चित्रांच्या अंगी स्वतःचे असे काही सौंदर्य आहे, आणि ते कोठून आले हे समजण्यासाठी यंत्राच्या पोटात डोकावले पाहिजे.

मूळ यंत्र जपानचे. क्योतो शहरात १८८९ साली निघालेली निन्टेन्डो ही कंपनी आरंभी खेळण्याचे पत्ते बनवीत असे. तिने १५ जुलै १९८३ रोजी ‘फॅमिली कॉम्प्युटर’ नावाचे यंत्र बाजारात आणले. मासायुकी उएमुरा या अभियंत्याच्या देखरेखीखाली ते तयार झाले होते. भारतात मात्र बहुतेक घरांत आल्या त्या त्याच्या नकला. त्यांच्या कॅसेटी मोठ्या मौजेच्या असत. वेष्टनावर ‘९९९९ खेळ’ असे ठळक अक्षरांत छापलेले असे. प्रत्यक्षात खेळ थोडेच, आणि पुढे तेच पुन्हा पुन्हा! कॅसेट चालली नाही, की मुले तिच्या तोंडात जोराने फुंकर मारीत. फुंकरीनेच यंत्र सुरू होते, अशी सर्वांची खात्री होती. वस्तुतः कॅसेट काढून पुन्हा बसविल्यामुळे आतील धातूच्या पट्ट्या नीट जुळत. फुंकरीतील ओलाव्याने झाले तर त्या पट्ट्यांचे नुकसानच होई.

या यंत्राचे चित्र आडवे २५६ व उभे २४० ठिपके एवढे होते. म्हणजे एकूण ६१,४४० ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाची निराळी नोंद अगदी काटकसरीने ठेवली, तरी १५,००० बाइटांहून अधिक जागा लागली असती. यंत्रात चित्रासाठी दिलेली स्मृती होती अवघी २,०४८ बाइटांची. मग एवढे चित्र तीत मावले कसे? अभियंत्यांनी फरशी बसविणाऱ्या गवंड्याची युक्ती योजली. आठ ठिपके लांब व आठ ठिपके रुंद अशा चित्रांच्या लहान लहान ‘फरश्या’ कॅसेटीत तयार ठेवलेल्या असत. पडद्यावर अशा फरश्यांची ९६० घरे होत. कोणत्या घरात कितव्या क्रमांकाची फरशी, एवढाच एक आकडा यंत्राने लक्षात ठेवावयाचा. एका फरशीत रंग मात्र जास्तीत जास्त चार.

या अडचणीतून जी कल्पकता निघाली, तिचे कौतुक करावे तेवढे थोडे. १९८५ साली निघालेल्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ या खेळात आकाशातील ढग आणि जमिनीवरील झुडूप ही दोन्ही एकाच चित्राची रूपे आहेत. वर ते पांढऱ्या रंगात मांडले, की ढग झाला. खाली हिरव्या रंगात मांडले, की झुडूप झाले. वर्षानुवर्षे खेळणाऱ्यांच्याही हे ध्यानात आले नाही. मारिओची गोष्ट तर याहून रंजक आहे. शिगेरू मियामोतो यांनी १९८१ साली दुसऱ्या एका खेळासाठी त्याला प्रथम रेखाटले, तेव्हा मूठभर ठिपक्यांत तोंड दाखविण्यास जागा नव्हती, म्हणून मिशी आली. उडणारे केस दाखविणे कठीण, म्हणून टोपी आली. धावताना हात अंगाहून वेगळे दिसावेत, म्हणून सदरा एका रंगाचा व विजार दुसऱ्या रंगाची झाली. जगभर ओळखीची झालेली ती मूर्ती जागेच्या टंचाईने घडविली आहे.

नाशिककरांना ही कला परकी वाटू नये. याच जिल्ह्यातील येवल्यात हातमागावर पैठणी विणली जाते. पदरावरचा मोर विणणाऱ्याला कुंचल्याने रेषा ओढता येत नाही. उभा ताणा आणि आडवा बाणा जेथे एकमेकांस छेदतात, तेथेच काय तो रंग बदलावयाचा. रंगीत रेशमाच्या लहान लहान कांड्या तो ताण्यातून फिरवितो, एक रंग संपतो तेथे दुसरा त्यात अडकवितो, आणि मोराच्या मानेचा बाक पायरीपायरीने चढत जातो. जवळून पाहिले तर त्या पायऱ्या दिसतात. चार हात दूर गेले, की मान डौलाने वळते. त्या पायऱ्यांना कोणी दोष म्हणत नाही. अंगणातल्या ठिपक्यांच्या रांगोळीतही आधी ठिपके मांडले जातात आणि मग नक्षी त्यांच्या आज्ञेत चालते.

तथापि आठवण ही मोठी लबाड असते. त्या काळचे पुष्कळ खेळ नीरस होते, हे ती सांगत नाही. एका आडव्या ओळीत आठाहून अधिक हलते तुकडे आले, की यंत्र गोंधळे व शत्रू लुकलुकू लागत. बहुतेक खेळांत मजल जपून ठेवण्याची सोय नव्हती. वीज गेली, की दोन तासांचे श्रम वाया! आणि वीज तर हमखास जात असे.

आणखी एक गोष्ट आठवणीतून निसटते. आज सदऱ्यांवर वा चित्रफलकांवर छापलेले ते ठिपके काटेकोर चौकोनी दिसतात. त्या वेळी ते तसे दिसतच नसत. जुन्या दूरदर्शन संचातील पिक्चर ट्यूब प्रत्येक ठिपक्याच्या कडा किंचित पुसट करी, शेजारचे रंग एकमेकांत मिसळत, आणि चित्रकार हे लक्षात घेऊनच रंग निवडीत. म्हणजे चित्र अर्धे यंत्रात व अर्धे काचेवर तयार होत असे. बदके टिपण्याच्या खेळातील बंदूक तर त्या काचेवाचून चालतच नाही. घोडा दाबताच पडदा क्षणभर काळा होतो व बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीतील डोळ्याला त्या नेमक्या क्षणी उजेड दिसला, तर नेम लागला. नव्या सपाट पडद्यांवर चित्र किंचित उशिरा उमटते, त्यामुळे बंदूक प्रत्येक वेळी चुकते.

खेळणे समजून जी वस्तू टाकून दिली जाते, तिचे पुढे काय होते, याचे उदाहरण नाशिकला जवळचे आहे. दादासाहेब फाळके यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरी झाला व पुढे त्यांनी नाशकात चित्रपटांचा कारखाना चालविला. त्यांचा १९१३ सालचा ‘राजा हरिश्चंद्र’ आज पूर्ण स्वरूपात कोठेही उपलब्ध नाही. खेळ संपला, की फितीची किंमत संपली, असे तेव्हा मानले जाई. जुन्या फिती वितळवून त्यांतील चांदी काढून घेणारेही होते. व्हिडिओ गेमची गतही फार निराळी नाही. २०१० पूर्वी अमेरिकेत निघालेल्या खेळांपैकी शंभरांत ८७ आता बाजारात मिळत नाहीत, असे २०२३ सालच्या एका पाहणीत आढळले.

जुन्या कॅसेटींतील खेळ उतरवून ठेवण्याचे काम काही संग्रहालये व हौशी माणसे करीत आहेत. मारिओचा तो सबंध खेळ अवघ्या ४० किलोबाइटांत मावतो; त्याची नक्कल करण्यास क्षणही लागत नाही. पिक्चर ट्यूब बनविणारे कारखाने मात्र एकामागून एक बंद पडले. एखाद्या घरी असा संच अजून चालू असेल, तर तो बिघडेपर्यंत तेथे बदके पडत राहतील. त्यानंतर ती प्लास्टिकची बंदूक कपाटात ठेवावी लागेल.