हातापायांच्या मुंग्या: कारणाचा शोध रक्तातून

तळपायांना सतत मुंग्या येणे, जळजळणे, पायातली चप्पल निसटली तरी न कळणे ही परिघीय मज्जातंतूंच्या विकाराची लक्षणे होत. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधुमेहाचे देशातील सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, गोव्यात आढळले. साहजिकच येथे असा त्रास साखरेच्या माथी मारला जातो. मात्र मधुमेहीलाही दुसरे, उपचारसाध्य कारण असू शकते.

म्हणून प्रथम साध्या तपासण्या होतात: तीन महिन्यांची सरासरी साखर, ब-१२ जीवनसत्त्व, थायरॉइड, मूत्रपिंडाचे कार्य आणि रक्तातील प्रथिनांचे इलेक्ट्रोफोरेसिस. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांमध्ये ब-१२ घटू शकते. ही उणीव भरून काढता येते.

प्रतिपिंडांची तपासणी त्यानंतरची. शरीराची संरक्षणव्यवस्था कधी स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते आणि तिची प्रतिपिंडे रक्तात सापडतात. बधिरता नसताना हाताची शक्ती कमी होत असेल, तर जीएम-१ प्रतिपिंडे पाहतात. पाय बधिर होऊन हळूहळू तोल जाऊ लागला, तर एमएजी प्रतिपिंडे. लक्षणांचा विचार न करता सरसकट केलेल्या महागड्या चाचण्या दिशाभूल करू शकतात.

भारतात कुष्ठरोगाचाही विचार करावाच लागतो. त्याचे जंतू थेट मज्जातंतूंत शिरतात आणि क्वचित त्वचेवर चट्टाही नसतो. हैदराबादमधील लेप्रा संस्थेचे ब्लू पीटर संशोधन केंद्र व निझाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस येथील संशोधकांना जुन्या कुष्ठरुग्णांच्या रक्तात मज्जातंतूंच्या आवरणातील पी-झीरो प्रथिन आणि सिरामाइड यांविरुद्धची प्रतिपिंडे आढळली. हे संशोधन २००७ साली प्रसिद्ध झाले. जंतू मेल्यावरही काहींच्या मज्जातंतूंची हानी का सुरू राहते, याचा एक संभाव्य उलगडा त्यातून होतो. तथापि रोगनिदान केवळ रक्तावर ठरत नाही. शरीरात जंतू थोडे असल्यास पीजीएल-१ प्रतिपिंडांची चाचणी अनेकदा नकारात्मक येते; अशा वेळी जाड झालेली नस हाताने तपासणे आणि गरज पडल्यास नसेची बायोप्सी करणे हाच मार्ग उरतो.

काही दिवसांतच अशक्तपणा पायांकडून वर चढू लागला किंवा श्वास घेणे जड जाऊ लागले, तर अहवालांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. तेथे प्रत्येक तास मोलाचा असतो.